स्टिअरिंगचा पिवळा दिवा आणि माटुंगा रोडचे एक गॅरेज

माटुंगा रोड स्थानकाजवळ, सेनापती बापट मार्गावरच्या टायर, बॅटरी आणि सीट कव्हरच्या दुकानांच्या रांगेत ऑटो इलेक्ट्रिकचा एक लहान गाळा आहे. पाटीवर मालकाचे नाव नाही. वायरिंग, स्कॅनिंग आणि बॅटरी चार्जिंग एवढीच कामे लिहिलेली आहेत, आणि आसपासचे सगळेजण मालकांना मामा म्हणतात. गाडीच्या डॅशबोर्डवर पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागला आणि तो राहून राहून परत येऊ लागला, म्हणून मी गेल्या पावसाळ्यात तिथे गेले. त्यानंतर हिवाळा गेला, उन्हाळाही सरला, गाडी रोजच्या वापरात आहे आणि दिवा पुन्हा लागलेला नाही; त्यामुळे आता त्या कामाविषयी खात्रीने लिहिता येते. माझे मत आधीच सांगते: या गॅरेजमध्ये कोणताही भाग बदलण्यापूर्वी मोजमाप घेतले जाते, आणि स्टिअरिंगसारख्या महागड्या यंत्रणेच्या बाबतीत ग्राहकासाठी याहून मोलाचे काही नाही.

हा दिवा बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या चाकाच्या आकृतीशेजारी उद्गारचिन्ह असा दिसतो. काही गाड्यांत त्याऐवजी ईपीएस, म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, ही अक्षरे असतात. चावी फिरवल्यावर तो क्षणभर लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, ते योग्यच आहे. यंत्रणा स्वतःची तपासणी करत असते. इंजिन चालू असताना तो लागून राहिला, तर स्टिअरिंगला मिळणारी मोटरची मदत कमी झाली आहे किंवा पूर्ण बंद झाली आहे, असा त्याचा अर्थ. दोन रंग असलेल्या गाड्यांत पिवळा म्हणजे लवकर तपासून घ्या आणि लाल म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा, असा सर्वसाधारण संकेत आहे. नेमका अर्थ गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तो एकदा शांतपणे वाचून ठेवावा.

माझ्या गाडीत तो पहिल्यांदा लागला तेव्हा मुसळधार पाऊस होता, लालबागच्या पुलावर वाहनांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती, वायपर, हेडलाइट आणि एसी तिन्ही चालू होते. स्टिअरिंग एकाएकी जड झाले. अशा वेळी मनात पहिली भीती येते ती गाडी वळणारच नाही याची, आणि ती भीती निराधार आहे हे प्रत्येक चालकाला माहीत असायला हवे. चाके आणि स्टिअरिंग यांना जोडणारा लोखंडी दांडा आणि रॅक जागेवरच असतात. मोटर बंद पडली तरी गाडी वळते, फक्त सगळी ताकद हातांची लागते. वेग कमी असेल तेव्हा ती जास्त लागते आणि गाडी जागेवर उभी असताना सर्वांत जास्त. म्हणून दोन्ही हातांनी चाक घट्ट धरावे, वेग हळूहळू उतरवावा, धोक्याचे दिवे लावावेत आणि डावीकडे जागा मिळेल तिथे थांबावे. चालत्या गाडीचे इंजिन बंद करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदतही संपत जाते आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. वांद्रे-वरळी सी लिंकसारख्या ठिकाणी, जिथे थांबायला मनाई आहे, तिथे स्टिअरिंग नुसते जड झाले असेल आणि दुसरा कोणताही लाल दिवा नसेल, तर डाव्या मार्गिकेतून सावकाश पलीकडे उतरणे शहाणपणाचे. सोबत बॅटरीचा किंवा इंजिन तापल्याचा दिवा लागला असेल, तर मात्र गोष्ट निराळी; तिथे थांबून मदत मागवणे हाच मार्ग आहे.

मुंबईत एक पिढी पॉवर स्टिअरिंगशिवाय गाड्या चालवत आली आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. तोवर हजारो चालकांनी केवळ मनगटाच्या जोरावर हे शहर पालथे घातले. त्यामुळे जुने चालक कधी कधी सांगतात की दिव्याकडे लक्ष देऊ नका, आम्ही आयुष्यभर तशीच गाडी हाकली. त्यांच्या अनुभवाचा आदर राखूनही मला हा सल्ला चुकीचा वाटतो. पद्मिनीची स्टिअरिंग पेटी हातांच्या ताकदीसाठीच घडवलेली होती; चाक अधिक वेळा फिरवावे लागे, पण प्रत्येक फेरा सोसण्याजोगा असे. आजच्या गाडीचे गिअर मोटरची मदत गृहीत धरून ठेवलेले असतात, टायर रुंद असतात आणि बंद पडलेली मोटरसुद्धा हातांना ओढावी लागते. शिवाय मदत अधूनमधून येत-जात असेल, तर चाकाचा जडपणा अचानक बदलतो, आणि वळणावर तो बदल कायमच्या जडपणापेक्षा जास्त घातक असतो.

मामांकडे जाण्याआधी मी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली होती. गाडी आठ वर्षांची, वॉरंटी केव्हाच संपलेली. तिथे स्कॅनर लावला गेला, ईपीएसमधला दोष दाखवणारा कोड निघाला, आणि संपूर्ण स्टिअरिंग कॉलम, म्हणजे चाकापासून खाली जाणारा दांडा, मोटरसह बदलावा लागेल असे ४० हजारांच्या वरचे अंदाजपत्रक हातात पडले. कोड नेमका काय सांगतो, असे विचारल्यावर 'कॉलमचाच प्रॉब्लेम आहे' एवढेच उत्तर मिळाले. कागदावर कोड लिहिलेला नव्हता, बॅटरीचे व्होल्टेज लिहिलेले नव्हते, काय तपासले याचा उल्लेखही नव्हता. कॉलम खरोखर निकामी होऊ शकतो. त्यातला टॉर्क सेन्सर, म्हणजे चाकावर हातांचा किती जोर पडतो ते मोजणारा भाग, बिघडतो, मोटर बिघडते, तिचा कंट्रोल युनिट जळतो, आणि तेव्हा तो खर्च करावाच लागतो. माझा आक्षेप खर्चाला नव्हता. तो कशाच्या आधारावर करायचा हे कोणी सांगत नव्हते, हा होता.

मामांनी गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न मला इथे नोंदवावेसे वाटतात. "दिवा लागतो तेव्हा गाडी उभी असते की चालती? सकाळी पहिल्यांदा चालू करताना लागतो की गरम झाल्यावर? सोबत एबीएसचा किंवा बॅटरीचा दिवा लागतो का? बंद करून परत चालू केली तर जातो का? बॅटरी कधी बदलली? इतक्यात कुणी इंजिन पाण्याने धुतलंय का? गाडी पाण्यात उभी होती का?" मी सांगत गेले आणि ते एका जुन्या वहीत लिहीत गेले. गाडी पाण्यात बुडाली नव्हती, पण हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून ती एकदा सावकाश काढावी लागली होती. बॅटरी चार वर्षांची होती. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा कधी लागला नव्हता. बंद करून चालू केल्यावर स्टिअरिंगचा दिवा बहुतेक वेळा जात असे.

"ताई, परत चालू केल्यावर दिवा जातो ना, मग आधी करंट कुठे अडतोय ते बघू. जळालेली वस्तू अशी ये-जा करत नाही सहसा," असे मामा म्हणाले. या वाक्यातला 'सहसा' महत्त्वाचा आहे; पुढेही प्रत्येक पायरीला त्यांनी स्वतःचा अंदाज आणि मोजून मिळालेली गोष्ट यांत फरक ठेवला.

स्टिअरिंगची मोटर हा गाडीतल्या विजेच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. गाडी जागेवर उभी असताना चाक टोकापर्यंत वळवले, तर ती ५० अँपिअरच्या घरात करंट खेचू शकते, आणि म्हणूनच तिला बोनेटखालच्या डब्यात स्वतंत्र जाड फ्यूज असतो. एवढा करंट बॅटरी किंवा इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरकडून मोटरपर्यंत जातो तसा गाडीच्या पत्र्यातून आणि अर्थिंगच्या पट्टीतून परतही यावा लागतो. या परतीच्या वाटेकडे फारसे कोणी पाहत नाही. तिथल्या बोल्टवर गंज चढून केवळ ०.०२ ओहमचा अडथळा निर्माण झाला, तर ५० अँपिअरला तिथे १ व्होल्ट खर्च होतो. साध्या मल्टिमीटरवर इतका लहान ओहम भरवशाने दिसतच नाही. वायर जोडलेली आहे असेच तो दाखवतो. गाडी शांत उभी असताना सगळे ठीक दिसावे आणि वळताना दिवा लागावा, याचे कारण हे आहे.

मामांनी म्हणूनच ओहम मोजले नाहीत, भार टाकून व्होल्टेज मोजले. आधी इंजिन बंद असताना बॅटरी: १२.३ व्होल्ट. चांगल्या, पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीत ते १२.६ च्या आसपास असते, म्हणजे बॅटरी थोडी उतरलेली, पण मेलेली नव्हे. मग सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली जाते ते पाहिले. मग इंजिन चालू असताना: १४.१ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर ठीक. इथपर्यंतची तपासणी बरेच जण करतात आणि इथेच थांबतात. मामांनी मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरे डॅशबोर्डखाली ईपीएसच्या अर्थिंग बोल्टवर धरले, लांब वायर लावून. एसी, हेडलाइट आणि वायपर चालू करायला लावले आणि मला चाक हळूहळू टोकाकडे वळवायला सांगितले. या दोन ठिकाणांमध्ये साधारण ०.२ व्होल्टच्या आतच फरक असायला हवा. आकडा १ व्होल्टच्या वर गेला. मामांच्या हाताखालच्या मुलाने बोनेटमध्ये अर्थिंगची पट्टी हाताने हलवताच तो ३ व्होल्टच्या पुढे उडाला आणि डॅशबोर्डवर तोच पिवळा दिवा लागला.

लालबागच्या पुलावर पावसातच दिवा का लागला होता, याचाही उलगडा त्याच क्षणी झाला. पावसात वायपर, दिवे, काचेवरचे बाष्प घालवण्यासाठी एसी असे सगळे एकदम चालू असते. त्यांतल्या बऱ्याचशांचा करंट त्याच पट्टीतून परत येतो. रांगेत इंजिन मंद फिरत असल्यामुळे अल्टरनेटरकडून येणारा पुरवठाही कमी असतो. आणि नेमके तेव्हाच, गाडी जवळजवळ उभी असताना, स्टिअरिंगची मोटर सर्वाधिक करंट मागते. कंट्रोल युनिटला मिळणारे व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की तो स्वतःला आणि मोटरला वाचवण्यासाठी मदत थांबवतो आणि दिवा लावतो. यंत्रणा निकामी झालेली नव्हती; तिला पुरेसा पुरवठा मिळत नव्हता आणि ती तेच सांगत होती.

त्यानंतर स्कॅनर लावला गेला. मामांचा स्कॅनर फक्त इंजिनचे नव्हे, ईपीएस युनिटचेही कोड काढतो, आणि त्यात पुरवठा व्होल्टेज कमी असल्याचा कोड साठलेला होता. हाच कोड सर्व्हिस सेंटरमध्येही निघाला असणार. कोड कोणत्या परिपथात गडबड आहे ते सांगतो, कोणता भाग विकत घ्यायचा ते सांगत नाही. मधले काम माणसाने मल्टिमीटर हातात धरून करायचे असते. मामांनी कोडचा फोटो मला पाठवला, मग अर्थिंगची पट्टी काढली. तिच्या आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून अर्ध्याहून अधिक तुटल्या होत्या, वरचे आवरण मात्र शाबूत. समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत आणि त्यात साचलेल्या पाण्याची भर पडल्यावर तांब्याचे असे होते, आणि मुंबईतल्या कोणत्याही जुन्या गाडीत ते होऊ शकते. पट्टी नवी टाकली, पत्र्यावरची बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, बॅटरीचे सैल झालेले टर्मिनल बदलले, सगळ्यावर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. मग तीच मोजणी, त्याच भाराखाली, पुन्हा. आकडा ०.०८ व्होल्टवर स्थिरावला.

बॅटरी काढून परत जोडल्यामुळे दिवा काही वेळ लागून राहील, असे मामांनी आधीच सांगून ठेवले होते. अनेक गाड्यांत बॅटरीचा पुरवठा तुटला की स्टिअरिंगच्या मधल्या स्थितीची नोंद पुसली जाते. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवले किंवा गाडी थोडे अंतर सरळ चालवली की यंत्रणा ती पुन्हा शिकते आणि दिवा विझतो. काही गाड्यांत हे काम स्कॅनरनेच करावे लागते. नवी बॅटरी बसवल्यावर हा दिवा पाहून घाबरणारे पुष्कळ लोक त्यांच्याकडे येतात आणि पैसे न देता परत जातात, हे मी तिथे बसून पाहिले. अशा ग्राहकाकडून स्कॅनिंगचे पैसे घेणे सोपे होते. मामांनी घेतले नाहीत.

शेवटी ट्रायल. दादरच्या गल्लीत गाडी मागे-पुढे करत, चाक पूर्ण वळवत, एसी आणि दिवे चालू ठेवून त्यांनी ती स्वतः चालवून पाहिली, परत आल्यावर कोड पुन्हा तपासला आणि मगच बिल केले. तपासणीचे ७०० रुपये, सामान आणि मजुरी धरून एकूण २,१०० रुपये झाले. बिलावर कामाआधीचे आणि कामानंतरचे व्होल्टेज लिहिलेले होते. माझ्या मते या गॅरेजविषयी सर्वांत अधिक सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि मोठमोठ्या सर्व्हिस सेंटरांनी तिचे अनुकरण करायला हवे.

येथे एक गोष्ट वाचकांच्या उपयोगाची म्हणून सांगते. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर घेऊन मोबाइलवर कोड वाचण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. माझ्याकडेही तो आहे आणि त्याने 'कोणताही दोष नाही' असे दाखवले होते. तो खोटे सांगत नव्हता. प्रदूषणाच्या नियमांमुळे सर्व गाड्यांत समान ठेवलेली माहिती, म्हणजे मुख्यतः इंजिनशी संबंधित 'पी'ने सुरू होणारे कोड, तेवढी त्याला वाचता येते. स्टिअरिंग आणि एबीएसचे कोड 'सी'ने सुरू होतात, ते वेगळ्या युनिटमध्ये असतात आणि ते वाचण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी असते. त्यामुळे स्टिअरिंगच्या दिव्यासाठी अशा स्कॅनरवर विसंबून 'गाडी ठीक आहे' असा निष्कर्ष काढू नये. त्याच पैशांत साधा डिजिटल मल्टिमीटर घेतला, तर बॅटरी आणि चार्जिंग घरच्या घरी पाहता येते आणि या दिव्यापुरता तो अधिक कामाचा आहे. डॅशबोर्डखाली हात घालण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. तिथेच एअरबॅगची वायरिंग असते.

मी थांबले होते तेव्हा दोन वेगळ्या गाड्या आल्या आणि मामांनी त्या कशा हाताळल्या हेही सांगायला हवे. पहिली होती जुनी, तेलाच्या पॉवर स्टिअरिंगची. हायड्रॉलिक पद्धत जुनी आहे. ती विक्रीच्या मोटारीत पहिल्यांदा १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलमध्ये आली, तर विजेवरचे स्टिअरिंग १९८८ मध्ये जपानच्या सुझुकी सर्व्होमध्ये. तेलाच्या पद्धतीत बिघाडाच्या खुणा निराळ्या: वळताना कण्हल्यासारखा आवाज, टाकीत उतरलेली पातळी, गाडीखाली तेलाचे थेंब, सैल किंवा फाटलेला पट्टा. त्या गाडीचा पट्टा तडकलेला होता. मामांनी चालकाला गाडी पुढे नेऊ दिली नाही, कारण त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही चालत होता. तो तुटला असता तर स्टिअरिंग जड होण्यासोबत इंजिनही तापले असते. त्यांनी ते काम स्वतः केले नाही, शेजारच्या मेकॅनिककडे सोपवले आणि आपले काहीही घेतले नाही.

दुसरी गाडी गिरगावातल्या एका चाळीच्या अंगणात रोज पार्क होणारी. अरुंद जागेत चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवावे लागे, आणि मग स्टिअरिंग जड होई. ही मोटर तापली की कंट्रोल युनिट तिला मिळणारा करंट स्वतःहून कमी करतो. थोडा वेळ थांबले की मदत परत मिळते. मामांनी त्या गृहस्थांना मोजमापे दाखवली, टायरमधली हवा कमी होती ती भरायला लावली, चाक अगदी टोकाला नेऊन दाबून धरू नका असे सांगितले आणि कोणतेही काम न काढता परत पाठवले. हवा कमी असताना स्टिअरिंग जड होते पण दिवा लागत नाही, हा फरक त्यांनी इतक्या सोप्या शब्दांत सांगितला की मलाही तो पक्का लक्षात राहिला.

आता उणिवा. गाळा लहान आहे आणि काम रस्त्याच्या कडेला होते. जोराचा पाऊस असेल तर बोनेट उघडून काम करता येत नाही आणि थांबावे लागते. बसायला दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्याही बहुधा भरलेल्या. ज्येष्ठांना घेऊन जाणे कठीण. वेळ आधी ठरवून मिळत नाही. फोनवर ते कामाचा अंदाज सांगत नाहीत, आणि मोजल्याशिवाय सांगणार नाही ही त्यांची भूमिका योग्य असली तरी लांबून, वसई किंवा पनवेलहून येणाऱ्याला ती गैरसोयीची आहे. गाडी उभी करण्यासाठी जागा शोधण्यात वेळ जातो. मुख्य मर्यादा तांत्रिक आहे: टॉर्क सेन्सरचे कॅलिब्रेशन काही कंपन्यांच्या गाड्यांत त्यांच्याच सॉफ्टवेअरने होते आणि ते मामांकडे नाही. कॉलम खरोखर बदलायचा असेल तर एअरबॅग काढावी लागते, म्हणून तेही काम ते घेत नाहीत, अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे पाठवतात. स्टिअरिंगची मोटर खाली रॅकवर असलेल्या गाड्यांत साचलेल्या पाण्याने थेट मोटर किंवा कपलर बिघडण्याची शक्यता असते. माझ्या गाडीत ती वर कॉलमवर, केबिनमध्ये आहे, त्यामुळे माझ्या अनुभवावरून त्या गाड्यांविषयी अनुमान काढू नये.

गाडी वॉरंटीत असेल तर सर्वप्रथम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच जावे, बाहेर वायरिंगला हात लागू देऊ नये, असे मामा स्वतःच सांगतात. वॉरंटी संपली असली तरी बाहेर खर्च करण्यापूर्वी आपल्या गाडीचा चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल आहे का ते पाहावे. वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने २०१२ मध्ये रिकॉलची स्वेच्छा संहिता आणली आणि २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला; रिकॉलमधली दुरुस्ती विनामूल्य होते. नेहमीच्या वाहन विम्यात मात्र यांत्रिक किंवा विजेचा बिघाड धरलेला नसतो, त्यामुळे स्टिअरिंगचा खर्च विम्यातून निघेल अशी आशा ठेवू नये. अंदाजपत्रक पटले नाही, तर ते लेखी मागावे, त्यावर कोड आणि मोजलेले व्होल्टेज लिहून मागावे आणि बदललेला जुना भाग परत मागावा. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे, आणि ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या दुरुस्तीच्या हक्काच्या पोर्टलवर वाहन क्षेत्राचाही समावेश आहे.

ज्यांची गाडी वॉरंटीबाहेर आहे, स्टिअरिंग विजेवरचे आहे, दिवा येतो-जातो आहे आणि कॉलम बदलण्याचे अंदाजपत्रक हातात आहे, त्यांनी होकार देण्यापूर्वी माटुंगा रोडला एक फेरी अवश्य करावी. दिवा कायम लागून असेल आणि चाक एका बाजूला स्वतःहून ओढले जात असेल, तर गाडी चालवत तिथवर नेऊ नये, टोइंगनेच हलवावी. सकाळी लवकर जावे, बॅटरी खरेदीची पावती सोबत न्यावी, आणि दिवा लागला त्या वेळी पाऊस होता का, एसी चालू होता का, दुसरा कोणता दिवा लागला होता का, हे कागदावर लिहून न्यावे. मामा ते सगळे विचारतातच.